कराच्या रेषेवरचं गाव

ठाण्याच्या माजिवड्याहून नाशिककडे निघालं की साकेतचा पूल, खारेगाव, पुन्हा खाडी आणि मग मानकोली नाका लागतो. डावीकडचा रस्ता अंजूरफाट्यावरून भिवंडीत शिरतो. उजवीकडे उल्हास खाडीपलीकडे डोंबिवलीचं मोठागाव. नाक्याच्या आसपास वळ, पूर्णा, राहनाळ, दापोडे, ओवळी, गुंदवली, काल्हेर या गावांच्या शिवारात नजर पोचेल तिथवर पत्र्याची गोदामं आहेत. इथली माणसं त्यांना गाळे म्हणतात. मुंबई-ठाण्यातल्या घरात येणारा साबण, पंखा, औषधाची बाटली, मुलांचे बूट, ऑनलाइन मागवलेला मिक्सर यांतलं बरंच काही आधी या पट्ट्यातल्या कुठल्या तरी गाळ्यात उतरलेलं असतं. कुणाच्या तरी पाठीवरून, हातातून ते पुढे गेलेलं असतं.

एकेकाळी या जमिनीत भात पिकत होता. खाडीकाठी मासेमारी होती, मिठागरं होती. आगरी कुटुंबांच्या या शेतांवर देशातला एक मोठा गोदामपट्टा उभा राहिला. महामार्ग जवळ होता, जेएनपीटी बंदर फार लांब नव्हतं, जमीन स्वस्त होती. पण एवढ्या सोयी आणखी कितीतरी गावांना होत्या. मानकोलीच्या बाजूने तराजू झुकवला तो एका कराने. तो कर म्हणजे मुंबई महापालिकेची जकात.

मुलुंड, ऐरोली, मानखुर्द, दहिसर या नाक्यांवर ट्रक थांबायचा, कागद तपासले जायचे, जकात भरली की मगच गाडी शहरात शिरायची. माल मुंबईत आणून साठवायचा तर त्याची जकात पहिल्याच दिवशी भरावी लागे, मग तो माल विकला जायला सहा महिने लागोत की वर्ष. व्यापाऱ्याचं भांडवल तिथेच अडकायचं. त्यापेक्षा पालिकेच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतीच्या जागेत माल उतरवायचा आणि शहरात जेवढा लागेल तेवढाच रोज पाठवायचा, हे सोयीचं होतं. जो माल पुढे पुण्याला, नाशिकला किंवा कोकणात जायचा त्याच्यावर मुंबईची जकात द्यायचा प्रश्नच येत नसे. ठाणे ओलांडल्यावर लागणारी ही गावं शहराला चिकटून होती आणि शहराच्या कराबाहेर होती. गाळे उभे राहिले ते या रेषेवर.

जकातीबद्दलची तक्रार मात्र गाळ्यांपेक्षा खूप जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शहरात भाजीपाला विकायला येणाऱ्या शेतकऱ्याकडून म्युनिसिपालिटी जी जकात उकळते, तिच्यावर कोरडे ओढले आहेत. त्यांचा मुद्दा आजही तसाच लागू आहे. नाक्यावर पैसे कोण मोजतो एवढं पाहून भागत नाही, ते शेवटी कुणाच्या पोटातून वसूल होतात ते पाहायला हवं. मोठा व्यापारी जकात मालाच्या किमतीत घालून मोकळा होतो. ज्याला ती पुढे ढकलायला कुणीच उरत नाही, त्या शेवटच्या माणसाच्या अंगावर ती येऊन पडते.

राज्यातल्या बाकीच्या शहरांतून जकात टप्प्याटप्प्याने गेली आणि तिच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आला. २०१३ च्या एप्रिल-मे महिन्यांत पुणे, ठाणे, मुंबईच्या व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध दुकानं बंद ठेवली होती, ते अनेकांना आठवत असेल. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांचा एलबीटी रद्द झाला. मुंबईत जकात चालूच राहिली. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर, आपल्या बोलण्यातला जीएसटी, लागू झाला तेव्हाच ती थांबली. वर्षाला सात हजार कोटींच्या आसपास उत्पन्न देणारा कर महापालिकेच्या हातून गेला. त्याची भरपाई करायला राज्याने कायदा केला आणि पहिला सुमारे ६४७ कोटींचा धनादेश त्याच जुलैत महापालिकेला दिला.

जकात गेल्यावर मानकोलीचे गाळे ओस पडतील असं काहींना वाटलं होतं. झालं उलटं. जीएसटीपूर्वी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल विकला की केंद्रीय विक्रीकर लागायचा. तो टाळण्यासाठी कंपन्या राज्याराज्यांत छोटी गोदामं ठेवत. नव्या करात त्याची गरज संपली. छोटी गोदामं बंद करून एकाच ठिकाणी मोठं गोदाम करणं परवडू लागलं आणि भिवंडी त्यासाठी तयारच होती. ऑनलाइन विक्रीच्या मोठ्या कंपन्यांचीही केंद्रं याच तालुक्यात आली. एका कराने वसवलेली ही गावं तो कर गेल्यावर दुसऱ्या कराने आणखी फुगवली. म्हणूनच करांबद्दल बोलायचं तर मंत्रालयाच्या पायऱ्यांपेक्षा मानकोली नाक्यावर उभं राहावं असं मला वाटतं. कर माणसाचं आयुष्य कुठून कुठे नेऊन ठेवतो ते इथे डोळ्यांनी दिसतं.

या गाळ्यांत काम करणारी माणसं कुठली? उत्तर प्रदेश आणि बिहारची, मराठवाडा-विदर्भातली, शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरची आणि इथल्याच गावांतली. कुणी हमाल, कुणी माल निवडणारा, कुणी खोकी बांधणारा, कुणी दारावरचा रखवालदार. बायाही आहेत, पॅकिंगवर आणि झाडलोटीवर. बहुतेकांचा मालक गाळ्याचा मालक नसतो, ज्या कंपनीचा माल आहे तीही नसते. मालक असतो ठेकेदार. खाडा पडला की पगार कापला. सणासुदीला घरी जायचं तर उचल घ्यायची आणि ती पुढच्या महिन्यांत फेडायची. १९६९ चा माथाडी कायदा महाराष्ट्राने हमालांसाठी केला, कामगारनेते अण्णासाहेब पाटलांनी त्यासाठी आयुष्य वेचलं. त्या कायद्याचं संरक्षण ठेकेदारीवरच्या माणसापर्यंत किती पोचतं, हा या पट्ट्यातला जुना आणि जळता प्रश्न आहे.

ज्यांना पगाराची पावती मिळते त्यांच्या पावतीवर एक छोटी ओळ असते : पी. टी., २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. हा व्यवसाय कर. महाराष्ट्रात महिना १० हजारांवर पगार असलेल्या पुरुषाला तो पूर्ण लागतो, वर्षाचे २,५०० रुपये. महिलांना २०२३ पासून २५ हजारांपर्यंत माफ आहे आणि ते योग्यच झालं. आता हिशेब पाहा. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने या कराला वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. १९८८ साली ती २५० वरून २,५०० झाली आणि तेव्हापासून तिथेच आहे. मानकोलीत महिना १५ हजार कमावणारा हमाल वर्षाला २,५०० भरतो. वांद्रे-कुर्ला संकुलात महिना १५ लाख कमावणारा अधिकारीही २,५०० च भरतो. हमालाच्या वर्षाच्या कमाईतले सुमारे १.४ टक्के जातात, अधिकाऱ्याच्या कमाईतले त्याच्या शंभराव्या भागाएवढे. तरीही ‘करदाता’ म्हटलं की वर्तमानपत्रात छायाचित्र कुणाचं येतं ते आपण जाणतो.

या कराचा जन्म मात्र महाराष्ट्राने अभिमानाने सांगावा असा आहे. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर खडी फोडायला, बंधारे बांधायला लाखो माणसं बाहेर पडली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली कल्पना अशी होती, की मागेल त्याला काम द्यायचं आणि ते सरकारच्या मर्जीवर सोडायचं नाही, तो माणसाचा हक्क करायचा. त्यासाठी पैसा लागणार होता. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातला नोकरदार दरमहा थोडं देईल, त्यात सरकार आपला वाटा घालेल आणि त्यातून गावातल्या बेकाराला काम मिळेल, असं ते ठरलं. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये मंजूर झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. २००५ चा राष्ट्रीय रोजगार हमी कायदा आला तेव्हा देशाने महाराष्ट्राचाच धडा समोर ठेवला होता. नवा कर लावायचा, तो का हे लोकांना सांगायचं आणि ते काम करून दाखवायचं, असं या राज्याने एकदा केलेलं आहे. पैसा कुठे जाणार हे ठाऊक असलं की माणसं कर देतात.

आज मात्र पावतीवरचे ते २०० रुपये कशासाठी कापले जातात हे हमालाला कुणी सांगत नाही. ठेकेदारालाही ते माहीत नसतं.

व्यवसाय कर निदान पावतीवर दिसतो. बाकीचा कर किमतीत विरघळलेला असतो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, दोन मुलं असलेल्या घराचा महिना घेऊ. मुंबई परिसरात गॅसचा सिलिंडर एप्रिल २०२५ मध्ये ५० रुपयांनी महागून ८५२ रुपये ५० पैशांना झाला. त्यात ५ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ४० रुपये. मोबाइलचा ३०० रुपयांचा रिचार्ज केला तर त्यातले जवळजवळ ४६ रुपये कर, कारण दर १८ टक्के आहे, आणि मोबाइलशिवाय गाळ्यातला मुकादम कामावर बोलावत नाही. साखर, चहा, तेल यांवर ५ टक्के. जुलै २०२२ पासून पिशवीत बंद करून छाप मारलेलं पीठ, तांदूळ, डाळही ५ टक्क्यांत आली. पेट्रोल शंभरीच्या वर आहे आणि त्यात केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट दोन्ही आहेत. या घरात कुणी आयकर भरत नाही. पण कर न भरता या घराचा एक दिवसही जात नाही.

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न आयकरातून सोडवलं. नोकरदारांनी आनंद मानला, तो स्वाभाविक होता. वर्षाला पावणेदोन-दोन लाख मिळवणाऱ्याला त्यातून काहीच मिळालं नाही, कारण त्याच्याकडून घेतला जाणारा कर त्या खिडकीतून घेतलाच जात नाही. त्याला सवलत द्यायची तर ती साबण, तेल, पीठ, रिचार्ज, सिलिंडर यांतून द्यावी लागते. २२ सप्टेंबर २०२५ ला ती थोडी मिळाली. साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल, बिस्किटं १८ टक्क्यांवरून ५ वर आली, शाळेच्या वह्या-पेन्सिलींवरचा कर गेला, औषधं स्वस्त झाली. हा निर्णय चांगला आहे असं मी मोकळेपणाने म्हणतो. त्याला आठ वर्षं लागली, हेही म्हणायला हवं. याच दिवशी मानवनिर्मित सूत १२ वरून ५ टक्क्यांवर आलं. भिवंडीच्या यंत्रमागवाल्यांना त्याचा अर्थ विचारा. सुताला जास्त आणि कापडाला ५ टक्के कर असल्यामुळे सुतावर भरलेला पैसा सरकारकडे अडकून राहायचा. कापडाला तो परत मिळण्याची सोय १ ऑगस्ट २०१८ पासून झाली, आणि त्याआधीचा साचलेला परतावा बुडाल्याचं जाहीर झालं. दहा-वीस माग चालवणाऱ्याला नोटाबंदीनंतर अवघ्या आठ महिन्यांत जीएसटीचा हा दुसरा तडाखा बसला होता. त्या काळात जे माग भंगारात गेले, त्यांवरचे कारागीर पुढे कुठे गेले हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. काही जण शहराबाहेरच्या याच गाळ्यांत आहेत.

राज्य सरकारच्या बाजूनेही पाहायला हवं. जीएसटी आल्यावर राज्यांच्या हातात स्वतःचे म्हणावेत असे थोडेच कर उरले : पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, दारूवरचं शुल्क, मुद्रांक, वाहन कर, विजेवरचं शुल्क. केंद्राने पाच वर्षं दिलेली भरपाई जून २०२२ मध्ये संपली. तिजोरी आखडली की सरकार याच चार-पाच ठिकाणी हात घालतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये अनेक दस्तांचं मुद्रांक शुल्क १०० वरून ५०० रुपये झालं. दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांसाठीही लोकांना ५०० चा कागद घ्यावा लागू लागला. ओरड झाली आणि शैक्षणिक, जात-उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी ती सक्ती पुढे काढावी लागली. २५ जानेवारी २०२५ ला एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. १ फेब्रुवारीला मुंबई महानगरातल्या रिक्षाचं किमान भाडं २३ वरून २६ रुपये झालं. मार्चच्या अर्थसंकल्पात साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना ७ टक्के एकरकमी कर सुचवला गेला. मानकोलीत ज्याला छोटा हत्ती म्हणतात तो टेम्पो हप्त्यावर घेऊन दिवसाला तीन-चार फेऱ्या मारणाऱ्या तरुणावर येणारा हा कर आहे. त्यातच जुन्या गाड्यांना नवी नंबरपाटी सक्तीची झाली. वरून ई-चलन. जुलै २०२५ मध्ये वाहतूकदारांनी चलनांविरुद्ध संप पुकारला तो यातूनच.

आणि काटकसर? २०२५-२६ चा अर्थसंकल्प तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी १० मार्च २०२५ ला मांडला तेव्हा महसुली तूट ४५,८९१ कोटींची आणि राज्यावरचं कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढे दाखवलं होतं. एवढ्या कर्जाच्या राज्याने खर्च आवरायला हवा, याबद्दल माझं दुमत नाही. वाद आहे तो कात्री आधी कुठे लागली यावर. जानेवारी २०२५ मध्ये शालेय पोषण आहारातल्या अंड्यासाठीचा वेगळा निधी थांबला. अंडं द्यायचं असेल तर शाळांनी लोकवर्गणी काढावी असं ठरलं. २०२२ च्या दिवाळीत १०० रुपयांत रवा, साखर, चणाडाळ आणि पामतेल देणारा ‘आनंदाचा शिधा’ सुरू झाला होता. २०२५ च्या गणपतीत तो मिळाला नाही, आणि पैशाची अडचण असल्याचं अन्न व नागरी पुरवठा मंत्री छगन भुजबळ यांनी उघड सांगितलं. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेली १० रुपयांची शिवभोजन थाळी चालवणाऱ्या केंद्रांची बिलं थकली. एक रुपयातला पीक विमा २०२३ मध्ये आला आणि २०२५ मध्ये गेला. अंडं, शिधा, थाळी, विमा या चारही गोष्टी अशा माणसाच्या आहेत, जो ओरडला तरी मंत्रालयात ऐकू जात नाही.

काटकसरीचा असाच एक प्रसंग या रस्त्याने पाहिला आहे. कोरोनाच्या टाळेबंदीत, ४ मे २०२० ला, राज्याच्या वित्त विभागाने आदेश काढून विकासखर्चाला ६७ टक्के कात्री लावली, नवी भरती थांबवली. त्याच आठवड्यात केंद्राने पेट्रोलवरचं शुल्क लिटरमागे १० रुपयांनी आणि डिझेलवरचं १३ रुपयांनी वाढवलं. त्याच दिवसांत मानकोलीवरून जाणाऱ्या नाशिक महामार्गावर, डोक्यावर बोचकी आणि कडेवर लेकरं घेऊन, हजारो कामगार उत्तरेकडे चालत निघाले होते. भिवंडीहून गोरखपूरला जाणारी श्रमिक गाडी मेच्या सुरुवातीलाच सुटली, पण सगळ्यांना जागा कुठून मिळणार? त्यांच्यातल्या कितीजणांनी त्याआधी वर्षानुवर्षं इथे तेल-मीठ विकत घेऊन महाराष्ट्राच्या तिजोरीत कर भरला होता, हा हिशेब कुणी मांडला नाही. मांडला असता तर त्यांना निदान रस्त्यात पाणी देणं हे उपकार वाटले नसते.

‘लाडकी बहीण’ योजनेवर आता येतो, कारण राज्यातली सगळी चर्चा सध्या तिथेच अडकली आहे. जुलै २०२४ पासून अडीच लाखांपेक्षा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतल्या २१ ते ६५ वयाच्या महिलांना महिना १,५०० रुपये. २०२५-२६ साठी त्यासाठी ३६ हजार कोटी ठेवले गेले. निवडणुकीत २,१०० चं आश्वासन दिलं गेलं होतं, ते पुढे सरकलं नाही. निवडणुकीनंतर छाननी सुरू झाली आणि सुमारे २६ लाख नावांचे पैसे थांबले. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. या योजनेमुळे राज्य भिकेला लागलं असं एक बाजू म्हणते. योजना म्हणजे सरकारची माया, असं दुसरी बाजू म्हणते. मला दोन्ही अमान्य आहेत. पॅकिंगवर बारा तास उभ्या राहणाऱ्या बाईच्या हातात स्वतःच्या खात्यातले १,५०० रुपये आले तर तिचं दुकानातलं उधारीचं पान कोरं होतं, मुलीच्या औषधाला ठेकेदाराकडे उचल मागावी लागत नाही. हे मोलाचं आहे. पण तोच पैसा मुलीच्या ताटातलं अंडं काढून, एसटीचं भाडं वाढवून आणि थाळीची बिलं थकवून उभा राहत असेल, तर एका घराच्या एका खिशातून काढून दुसऱ्यात घातल्यासारखं होतं. तिला फुकट मिळतंय म्हणणाऱ्यांनी २० सप्टेंबर २०१९ हा दिवस आठवावा. त्या दिवशी कंपनी कराचा दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला गेला आणि वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचं उत्पन्न सोडल्याचं केंद्रीय अर्थमंत्र्यांनीच सांगितलं. त्याला कुणी रेवडी म्हटलं नाही. १,५०० ला म्हणतात.

गावाच्या पातळीवरचा हिशेब वेगळा आणि तितकाच दुखरा आहे. जकातीच्या भरपाईत ग्रामपंचायतींचा वाटा असण्याचं कारण नव्हतं, कारण जकात त्यांची नव्हतीच. त्यांच्याकडे घरपट्टी आहे, म्हणजे गाळेपट्टी. पण मोठमोठे ट्रक रस्त्यांची जी दैना करतात ती निस्तरण्याइतकी ताकद कुठल्याही ग्रामपंचायतीत नसते. भिवंडीभोवतालच्या ६० गावांचं नियोजन २००७ पासून एमएमआरडीएकडे आहे. तरीही परवानगी न घेता उभ्या राहिलेल्या गोदामांचा प्रश्न वारंवार उच्च न्यायालयापर्यंत गेला. गाळ्यांना आगी लागतात, पावसाळ्यात माजिवडा ते वडपे हा रस्ता तासन्‌तास तुंबतो. जमीन भाड्याने देऊन काही कुटुंबं सुखवस्तू झाली. ज्यांची जमीन आधीच विकली गेली होती, त्यांची मुलं आज त्याच जमिनीवरच्या गाळ्यात रखवालदार आहेत. या पट्ट्यातून रोज केवढ्या मालाचं ई-वे बिल निघतं, केवढा जीएसटी जमा होतो! त्यातलं किती इथल्या शाळेला, दवाखान्याला, नाल्याला परत मिळतं, हे गावाला सांगायची कुठलीही पद्धत आपल्याकडे नाही.

करांविरुद्ध आणि महागाईविरुद्ध बोलायची महाराष्ट्राची स्वतःची परंपरा आहे आणि ती हिशेबाची आहे. मार्च १९०२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय कायदे मंडळात अर्थसंकल्पावर पहिलं भाषण केलं. प्लेग आणि दुष्काळाने माणसं मरत असताना सरकारच्या तिजोरीत शिल्लक पडते, याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त घेतला जातो, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवलं. मिठावरचा कर कमी करा, ही त्यांची मागणी होती. त्यानंतरच्या पाच वर्षांत तो मणामागे अडीच रुपयांवरून एक रुपयापर्यंत उतरला. सत्तर वर्षांनी मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांनी हजारो बायकांना लाटणी घेऊन मुंबईच्या रस्त्यांवर आणलं. त्या बायका पुढाऱ्यांच्या भाषणांना आल्या नव्हत्या. रॉकेल, तेल, साखर किती लागतं आणि मिळतं किती, हे त्यांना पाठ होतं. गोखल्यांचे आकडे आणि त्या बायकांचा किराणा, दोन्ही हातात असलं तरच सरकार हलतं.

मानकोलीत आज दोन्ही नाहीत. ठेकेदारीवरच्या माणसाची संघटना नाही, कारण सहा महिन्यांनी ठेकेदारच बदलतो. परगावच्या मतदाराचं नाव इथल्या यादीत नाही, त्यामुळे आमदाराला त्याची गरज नाही. त्याच्या गावी त्याचं मत आहे, पण तो वर्षातले अकरा महिने इथे कर भरतो. एक देश एक रेशनकार्डामुळे तो इथल्या दुकानात धान्य मागू शकतो. इथल्या अर्थसंकल्पात हिस्सा मागायची मात्र कुठलीही सोय नाही.

राज्याचा पुढचा अर्थसंकल्प येईल. त्यापूर्वी तीन गोष्टी मागायला हव्यात आणि त्या अवघड नाहीत. व्यवसाय कराची कमाल मर्यादा घटनादुरुस्तीने वाढवून १५ लाखवाल्याकडून जास्त घ्या आणि १५ हजारवाल्याला माफ करा. महाराष्ट्राने केंद्राकडे ही मागणी लेखी करावी. दुसरं, खर्चाला कात्री लावायची असेल तर शाळकरी मुलाचं अंडं आणि १० रुपयांची थाळी यांना हात लावणार नाही, असं सभागृहात जाहीर करा. तिसरं, प्रत्येक तालुक्यातून किती कर गोळा झाला आणि किती परत खर्च झाला, याचा तक्ता मराठीत छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावीच लागते. तिथे तो वाचला जाऊ द्या.

वाचकहो, तुमच्या घरी पुढचं खोकं येईल ते बहुधा या पट्ट्यातून आलेलं असेल. त्यावरचा कर तुम्ही भरला आहे, आणि ते उचलणाऱ्यानेही स्वतःच्या किराण्यावर तसाच भरला आहे. तुमच्या आमदाराला पत्र लिहाल तेव्हा त्याच्या वतीनेही लिहा.